राजीनामा देणार नाही

केवलराम पहिल्यांदा दारात आला तेव्हा मी त्याला गॅसवाला समजले. सिलिंडरचा नंबर लावून बरेच दिवस झाले होते, आणि खाकी पिशवी घेतलेला कोणीही माणूस मला तेव्हा गॅसवाला वाटायचा. मी मोठ्या उत्साहानं दार उघडलं. त्यानं चपला बाहेर काढल्या, हात जोडले आणि दुर्गच्या फायनान्स कंपनीचं नाव सांगितलं. सिनेमात पडतो तसा माझ्या हातातला पेला वगैरे पडला नाही. पण दाराची कडी मी हातातून सोडली नाही.

ते नाव मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि ऐकायचं कारणही नव्हतं. त्या कंपनीनं आमचं घर घेतलं होतं. ज्यानं घर घेतलं त्याचं आपल्याकडे आणखी काय काम असणार, अशी माझी समजूत होती.

"साहब ड्यूटी पे हैं?" त्यानं विचारलं. साहेब म्हणजे माझे यजमान, शामसुंदरराव. भिलाईच्या प्लांटात चार्जमन होते आणि त्या दिवशी फर्स्ट शिफ्टला गेले होते. मी तसं सांगितलं. माणूस मोठा मऊ बोलायचा. पाणी मागितलं, बसून प्यायला, पेला स्वतः भिंतीशी सरकवून ठेवला. मग म्हणाला, "भाभीजी, मकान की नीलामी में पूरा पैसा नहीं निकला था. बकाया अभी भी है, ब्याज चढ़ रहा है. साहब से कहिए, राजीनामा कर लें. राजीनामा हो गया तो ना कोर्ट, ना कचहरी. रिटायरमेंट में अब कितना टाइम है?"

"दो साल," मी म्हणाले. कशाला सांगितलं देव जाणे.

"तभी तो. फंड मिलने से पहले निपट जाए तो सबके लिए अच्छा."

तो गेला आणि मी तिथंच खाली बसले. राजीनामा! माझ्या नवऱ्यानं नोकरी सोडावी, हे कोणीतरी परका माणूस येऊन, पाणी पिऊन, हात जोडून सांगून गेला होता.

घराची गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर माझा राग कोणाला कळायचा नाही. घर दुर्गात होतं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, मागं पेरूचं झाड. प्लांटचं क्वार्टर नोकरीपुरतंच असतं, रिटायर झालं की किल्ली परत द्यावी लागते. म्हणून पोटाला चिमटा काढून आम्ही ते बांधलं होतं. माझ्या दिरांनी, माणिकभाऊजींनी, दुर्गजवळच्या रसमड्याला नट-बोल्टचा कारखाना काढला. त्यासाठी ह्यांनी घर गहाण टाकलं. मला न विचारता टाकलं. मला कळलं तेव्हा भाऊजी पेढे घेऊन आले होते. कारखाना दोन पावसाळेही टिकला नाही. मग कोर्टाचा माणूस डफडं वाजवत आमच्या गल्लीत आला, सगळ्यांसमोर लिलावाची मुनादी म्हणजे दवंडी झाली, आणि पेरूच्या झाडासकट घर दुसऱ्याचं झालं, आम्ही भिलाईच्या सेक्टरात प्लांटच्या क्वार्टरमध्ये आलो. भाऊजी आता नागपुरात स्पेअर पार्टच्या दुकानात असतात. दिवाळीला पत्र येतं, त्यात मला साष्टांग नमस्कार असतो.

ह्यांना जेवताना सांगितलं. खरं तर जेवण झाल्यावर सांगायचं ठरवलं होतं, पण माझ्या तोंडाला कधी कुलूप राहत नाही.

"राजीनामा? कायले?"

"मले का मालूम? तो म्हने, राजीनामा झाला का कोर्ट नाई न कचेरी नाई. आन् फंडाचंबी इचारून गेला."

ह्यांनी घास हातातच धरून ठेवला. मग म्हणाले, "समजलं मले. नोकरीत आहो तोवर फंड प्लांटच्या ताब्यात. राजीनामा देल्ला का फंड माह्या हातात येते. हातात आला का हे दारात हजर. दोन वर्षं कायले थांबतीन ते?"

गोष्ट इतकी बरोबर जुळली की पुढं विचारायला काही उरलंच नाही. फंड म्हणजे आमचं होतं नव्हतं ते सगळं. त्यातूनच म्हातारपणी डोक्यावर छप्पर येणार होतं. माधवीचं लग्नही त्यातच. माधवी आमची एकुलती एक मुलगी, सिविक सेंटरमध्ये एका ऑफिसात टायपिस्ट होती. ह्यांनी ताट सरकवलं. "राजीनामा देनार नाई," म्हणाले. "हातपाय चालून राहिले तोवर नोकरी कावून सोडू?"

रविवारी केवलराम पुन्हा आला. ह्या वेळी ह्यांच्याशीच गाठ पडली. मी पडद्यामागं उभी राहून ऐकत होते, आणि पडदा हलू नये म्हणून तो मुठीत धरला होता.

"साहब, राजीनामे का क्या सोचा?"

"नहीं दूँगा," हे म्हणाले.

"आपके ही फ़ायदे का है. आपको कुछ लिखना भी नहीं है, काग़ज़ हम बना के लाए हैं. सिर्फ़ दस्तख़त."

"मेरा राजीनामा तुम लिखोगे?" ह्यांचा आवाज चढला. एरवी हे घरात मोठ्यानं बोलत नाहीत, प्लांटच्या आवाजात बोलून बोलून कंटाळतात. "सत्ताईस साल मैंने पसीना बहाया, और काग़ज़ तुम लाए?"

केवलराम जरा गोंधळला. मग त्यानं पिशवीतून कागद काढून पुढं केला. ह्यांनी तो हातातही घेतला नाही, मान फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले. "पढ़ तो लीजिए," तो म्हणाला. "नहीं पढ़ना," हे म्हणाले. लहान मूल औषधाला तोंड मिटतं तसे. मला त्या क्षणी हसू यायला हवं होतं, पण नाही आलं.

जाताना केवलराम अंगणात थांबला. "फिर तनख़्वाह पे बात आएगी, साहब. फिर फंड पे. मैं तो समझाने आया था."

त्यानंतर आमच्या घराचं काही खरं राहिलं नाही. केवलराम मारायला येत नव्हता, शिव्या देत नव्हता, नुसता दिसत होता. भाजी घ्यायला गेले तर स्कूटर टेकवून उभा. माधवीच्या ऑफिसखाली चहाच्या टपरीवर बसलेला. एकदा शिफ्ट सुटायच्या वेळी प्लांटच्या गेटवर. ह्यांनी जायचा रस्ताच बदलला, लांबून फेरा घालून जायला लागले. पगाराच्या दिवशी पगार पूर्ण हातात येईल की नाही म्हणून हे डबा न घेताच गेले. पूर्ण आला. मला वाटलं हायसं वाटेल, तर हे म्हणाले, "पुढच्या मयन्यात कापतीन." ब्लडप्रेशरच्या एका गोळीच्या दोन झाल्या. दारावर कोणीही थाप मारली की आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो. गॅसवाला खरोखर आला त्या दिवशी मी दारच उघडलं नाही, तो सिलिंडर घेऊन परत गेला.

शेजारच्या सिंधुताईंनी विचारलं, "कोन येते वं तुमच्याकडं स्कूटरवाला? माधवीसाठी पाहून राहिले का?" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

शेवटी मीच मोडले. केवलराम एकदा दुपारी आला आणि अंगणातूनच म्हणाला, "भाभीजी, दुर्ग में जैसे मुनादी हुई थी, यहाँ सेक्टर में भी हो सकती है. फिर इज़्ज़त क्या रह जाएगी?" बस. मला ते डफडं ऐकू यायला लागलं. दुर्गच्या गल्लीत ते वाजलं तेव्हा मी मागच्या खोलीत पेरूच्या झाडाकडे तोंड करून उभी होते. इथं तर मागची खोलीसुद्धा नव्हती.

"देऊन टाका राजीनामा," संध्याकाळी मी ह्यांना म्हणाले. "घेऊ द्या त्याईले फंड. आपन गावाकडं जाऊ, माह्या भावाच्या घरी एक खोली आहे. मले हे सहन होऊन नाई राहिलं."

ह्यांना वाटत होतं मी तरी पाठीशी आहे. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मला त्यांची इतकी दया आली की मी उठून विनाकारण चहा टाकला. चहा झाला तेव्हा हे म्हणाले, "ठीक आहे."

अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, इंग्रजीत. चार ओळींना रविवारची अख्खी सकाळ लागली. मग तो माधवीला दिला. "उद्या ऑफिसात टाइप करून आन. मंगळवारी पर्सोनेल ऑफिसात देऊन येतो."

माधवीनं वाचला. "बाबा, ये क्या है? रिझाइन कावून करून राहिले तुमी?"

"फायनान्सवाले राजीनामा मागून राहिले."

"पर उनको तुमच्या नोकरीशी क्या मतलब?" आमची पोरगी अर्धं वाक्य मराठीत आणि अर्धं हिंदीत बोलते, आणि भांडताना तिला दोन्ही पुरत नाहीत. "मैं टाइप नहीं करूँगी. आदी वकिलाले इचारा. वकील म्हनला दे, तं मैं ख़ुद टाइप करके दूँगी."

वकिलाचं नाव काढलं की ह्यांना फी आठवते आणि मला डफडं. पण पोरगी हटून बसली. तो हट्टीपणा तिनं कोणाकडून घेतला हे मी सांगत नाही.

मंगळवारी ह्यांनी अर्जाऐवजी रजा टाकली. आम्ही तिघं बसनं दुर्गला गेलो. अच्युत वकील तिथल्या जुन्या मराठी घराण्यातले, त्यांचे आजोबाही दुर्गच्याच कोर्टात होते. त्यांची मराठी आमच्यापेक्षा शुद्ध, कोर्टाचे शब्द तेवढे हिंदीत मुरलेले. खोलीत दोन खुर्च्या होत्या, मी आणि हे बसलो, माधवी कपाटाला टेकून उभी राहिली.

ह्यांनी सगळं सांगितलं. घर, गहाण, लिलाव, केवलराम. "आता ते राजीनामा मागून राहिले, साहेब."

"मग? केला?" वकिलांनी विचारलं.

"नाई केला अजून. पन देतो म्हटलं आता. लिहून आनला." ह्यांनी घडी उलगडून अर्ज टेबलावर ठेवला.

वकिलांनी वाचला, उलटून पाठ बघितली, पुन्हा वाचला. "शामसुंदरराव, हा तर इस्तीफा आहे. नोकरीचा."

"हो. राजीनामा."

वकिलांनी चष्मा काढला. त्यांच्या ओठांचे कोपरे हलले, पण माणूस सभ्य होता, हसला नाही. "अहो, इथल्या कचेरीत राजीनामा म्हणजे समझौता. दोन्ही पार्ट्या राजी झाल्या, त्याचा कागद तो राजीनामा. नोकरी सोडणं म्हणजे इस्तीफा. कंपनीला तुमच्या नोकरीचं काय लोणचं घालायचंय?"

ह्यांनी अर्जाची पुन्हा घडी घातली. घरात आम्ही मराठी बोलतो, आणि केवलरामचा शब्द मी उंबऱ्यावरून उचलून घरात आणला होता. आत आल्याबरोबर तो मराठी झाला. माधवी हिंदी शाळेत शिकलेली, तिनं तो बरोबर ओळखला असता, पण तिनं तो केवलरामच्या तोंडून ऐकलाच नव्हता, माझ्या तोंडून ऐकला होता. ह्यांनी ऐकला खरा, पण तोवर मी त्यांच्या कानात माझा अर्थ घालून ठेवला होता.

"म्हनजे निसता समझौता?" हे म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "हप्ते बांधून देऊन टाकायचे? अन् मी मयनाभर जिवाले घोर लावून बसलो? मग तं मी पयल्याच दिवशी सही केली असती, साहेब. तेव्हाच्या तेव्हा."

आता मात्र वकिलांच्या चेहऱ्यावरचं दाबलेलं हसू गेलं. ते पुढं वाकले. "सही केली नाही ना? कशावरच नाही? नीट आठवा."

"नाई."

"थोडे पैसे दिले? एखादं पत्र लिहून दिलं? वहिनी, तुम्ही काही लिहून दिलं?"

मी पाणी तेवढं दिलं होतं. "काईच नाई," म्हणाले.

"कागद वाचलाही नाही बाबांनी," माधवी म्हणाली. "हाथ भी नहीं लगाया."

वकील खुर्चीत मागं टेकले. मग त्यांनी समजावून सांगितलं, सावकाश, मलाही कळेल असं. घर विकून कर्ज पूर्ण फिटलं नाही, तर उरलेल्या पैशासाठी कंपनीला पुन्हा कोर्टात यावं लागतं आणि माणसाच्या नावावर वेगळी डिक्री, म्हणजे वसुलीचा हुकूम, मागावी लागते. त्याला मुदत असते, तीन वर्षांची. मुदतीत मागितली असेल तर गोष्ट वेगळी. नसेल, तर कोर्टाचा दरवाजा त्यांना बंद. "मग तो एकाच किल्लीनं उघडतो. तुमच्या सहीनं. मुदत संपलेलं कर्ज तुम्ही लिहून दिलं की 'देतो', तर ते पुन्हा जिवंत होतं. राजीनामा त्यासाठी पाहिजे त्यांना."

"अन् फंड?" मी विचारलं.

"डिक्री असली तरी फंडाला हात लावता येत नाही. ग्रॅच्युइटीलाही नाही. पगारातूनही ठराविक हिस्साच कापता येतो, अख्खा पगार कोणी घेऊन जाऊ शकत नाही. आणि मुनादी कशाची करणार? विकायला तुमचं काय आहे इथं?" ते ह्यांच्याकडे वळले. "पण आधी मी फाइल पाहीन. कंपनीनं तेव्हा काही अर्ज टाकून ठेवला असेल तर माझी ही सगळी बडबड फुकट. पुढच्या आठवड्यात या."

तो आठवडा आधीच्या सगळ्या दिवसांपेक्षा वाईट गेला. आधी नुसती भीती होती, तिची सवय झाली होती. आता भीतीत आशा कालवली होती, आणि ती घशाखाली उतरेना. मी भाजीत दोनदा मीठ घातलं. केवलराम एकदाही दिसला नाही, तर मला वाटायला लागलं, त्याला अर्ज सापडला असेल, म्हणूनच तो निवांत बसला असेल.

पुढच्या मंगळवारी वकिलांनी आम्हाला बसूही दिलं नाही, दारातच सांगितलं. "काही नाही. लिलाव कायम झाला, पैसे घेतले, आणि झोपले ते. फाइलमध्ये त्यानंतर एक कागद नाही, आणि मुदत केव्हाच संपली."

माधवीनं माझा दंड धरला. मी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण हे तिथंच घुटमळत उभे होते. "पन पैसे तं आपन घेतले होते, वकीलसाहेब."

मला असा संताप आला म्हणता. वकिलांनी मात्र ह्यांच्याकडे बऱ्याच आदरानं बघितलं. "घेतले होते. घरही दिलं. कायद्याचं मी सांगितलं. पुढचं तुमच्या मनावर आहे, ते कोणी वकील सांगू शकत नाही."

बसमध्ये हे तिकीट बोटांत गुंडाळत बसले. मी ह्यांना ओळखते. भावानं मागितलं म्हणून घर देणारा माणूस, केवलरामनं हात जोडून मागितलं तर फंडही देईल, आणि वर म्हणेल, घेतलेले पैसे होते. आतापर्यंत आम्हाला कायद्यानं नाही, एका शब्दाच्या गैरसमजानं वाचवलं होतं. तो गैरसमज आता उरला नव्हता. मी खिडकीबाहेर बघत होते.

रविवारी केवलराम आला. ह्यांनी त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली. मला म्हणाले, "चहा टाक." मग त्याला म्हणाले, "लाओ काग़ज़."

मी चहा टाकला नाही. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिले, ह्या वेळी पडद्यामागं नाही. केवलरामनं खूश होऊन कागद काढला, पेनचं टोपणही काढून दिलं. ह्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. सावकाश, ओठ हलवत. मधे एका जागी बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "शेष राशि मेरे भविष्य निधि से." मग पुन्हा मनात. कागद संपला तेव्हा त्यांनी पेन उचललं, आणि त्याला टोपण लावलं.

"उस दिन मैं बिना समझे ना बोला था," हे म्हणाले. "मुझे लगा तुम नौकरी माँग रहे हो. समझ जाता तो उसी दिन सही कर देता."

केवलराम हसला. "तो अब तो समझ गए, साहब."

"अब समझ गया. पर बात ये है, मकान गिरवी रखा तो मैंने किसी से पूछा नहीं था. फंड के टाइम पूछूँगा." ते माझ्याकडे वळले नाहीत, कागदाकडेच बघत होते. "राजीनामा मतलब दोनों राजी. हम मियाँ-बीवी दो हैं इस घर में. इनसे पूछो."

लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या माणसानं पैशाच्या बाबतीत मला पहिल्यांदा काही विचारलं, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

केवलराम माझ्याकडे वळला. अजूनही तसाच मऊ. "भाभीजी?"

मी पदरानं डोळे पुसले. हिंदीत सांगायला हवं होतं, पण तोंडून मराठीच आलं.

"मी राजी नाई," मी म्हणाले.

राजी हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच आहे. केवलरामनं कागदाची घडी केली आणि चपला घातल्या.